मुंबईहून एका दिवसाची भटकंती: परतीच्या वेळेपासून उलटा हिशोब

खाडीकाठ (धागाकर्ता)

मुंबईतून सकाळी निघून रात्री घरी पोचता येईल अशा जागांच्या याद्या हव्या तेवढ्या सापडतात. तिथून किती वाजता निघायलाच हवं, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. दिवस फसतो तो तिथेच. म्हणून या धाग्यात जागांबरोबर वेळा लिहूया.

आपल्याकडे दिवसाची तीन दारं बंद होतात: पाणी चढतं, शेवटची गाडी किंवा बोट सुटते, आणि उजेड जातो. यातलं कुठलं दार आधी बंद होणार ते शोधायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. घरून निघायची वेळ सगळ्यात शेवटी ठरते.

सुरुवात अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापासून करतो, कारण इथे पाण्याचा हिशोब चुकला तर ते तिथल्या तिथेच कळतं. किल्ला समुद्रातल्या कातळावर आहे आणि ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येतं. वाळू ओली आणि घट्ट असते, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, तटावर तोफा. शेजारचा सर्जेकोट धरून पाऊण ते एक तास पुरतो.

कायदा असा: ओहोटीची खालची वेळ काढा. त्याच्या दीड तास आधी वाळूत उतरा आणि खालच्या वेळेनंतर एक तासाच्या आत किनाऱ्याला परत लागा. किल्ल्याचा कातळ उंच आहे, मधला वाळूचा पट्टा सखल. त्यामुळे पाणी आधी मध्ये भरतं. तटावरून बघणाऱ्याला समुद्र अजून लांब दिसतो आणि तेवढ्यात वाट मागच्या मागे बंद होते. मग पुढच्या ओहोटीपर्यंत थांबायचं किंवा होडीची वाट बघायची.

तक्ता हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ × ¾ = ३, म्हणजे पहाटे तीनला पूर्ण भरती. सहा तास दहा मिनिटांनी, सव्वानऊच्या आसपास ओहोटी. दुपारी साडेतीनच्या सुमारास पुन्हा भरती. रोज सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच.

---

सुकती

चांगला धागा. पाऊणपटाच्या हिशोबात थोडी भर घालते, नाहीतर लोक नुसती वेळ बघतील आणि पाणी किती उतरतं ते विसरतील.

कोळीवाड्यात दोन शब्द रोजचे आहेत, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती खूप वर चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दोन्हींतला फरक कमी. भांगाच्या दिवसांत ओहोटीची वेळ अगदी सोयीची, दुपारी बाराची वगैरे निघते, पण पाणी पुरेसं उतरतच नाही. कुलाब्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी तसंच राहतं. आणखी एक गोष्ट: उधाणाचा खरा जोर तिथीच्या दिवशी नसून एक-दोन दिवसांनी असतो, भांगाचंही तसंच.

म्हणून कुलाब्यासाठी तिथी अशा निवडा:

सकाळी जायचं असेल तर चतुर्थी-पंचमी. ओहोटी नऊ ते दहाच्या दरम्यान. मुंबईहून पहिल्या बोटीने गेलात तरी धावपळ होते, पंचमी त्यातल्या त्यात बरी.

दुपारी जायचं असेल तर द्वादशी-त्रयोदशी. भरती नऊ-पावणेदहाला, ओहोटी तीन ते चारच्या मध्ये. किल्ला बघून चार ते पाचच्या दरम्यान किनाऱ्याला लागता, पण मग मांडवा बंदराहून मुंबईची शेवटची बोट किती वाजता आहे हे आदल्या दिवशी पक्कं करा.

पाऊणपटाच्या हिशोबाने अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. तो दिवस ठरवायला वापरा. वाळूत पाय टाकायची वेळ मात्र तक्त्यातूनच घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, मुंबईचं केंद्र अपोलो बंदर. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची असते, ती वाचायची सवय लावा. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यासुद्धा सारख्या खोल नसतात.

---

गणपुले_मास्तर

'एक तासाच्या आत परत' यामागचं गणित सांगतो, म्हणजे नियम लक्षात राहील.

भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा त्या दिवशी पाणी ३.६ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ०.३ मीटर, म्हणजे नडगीपर्यंत. दुसऱ्या तासाअखेर ०.९ मीटर, म्हणजे कमरेला. तिसऱ्या तासाअखेर १.८ मीटर, म्हणजे डोक्यावरून. पहिल्या तासात पाणी हललंच नाही असं वाटतं, लोक निवांत होतात, आणि पुढच्या दोन तासांत माणूसभर पाणी चढतं.

हे आकडे खालच्या वेळेच्या पातळीपासूनचे आहेत. वाटेचा पट्टा त्याहून उंच असेल तेवढी सवड जास्त. पण ती सवड खर्चायची नसते.

---

ठाणेकरीण

अतिशय उपयोगी. वाचनखूण घातली.

प्रश्न: डिसेंबरमध्ये सत्तरीतले दोघं आणि दहा वर्षांची मुलगी सोबत आहेत. गेटवेहून जावं की भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने)? आणि किल्ल्यापर्यंत चालणं जमलं नाही तर?

---

सुकती

ज्येष्ठ असतील तर रो-रो. गेटवेला बोटीत शिरताना पायऱ्या, हलती बोट आणि मागे रांग, असा प्रकार असतो. गुडघेदुखी असणाऱ्याला तो एक क्षणच जड जातो. रो-रोला सपाट रॅम्पवरून आत जाता येतं, आत स्वच्छतागृह आहे, आणि गाडी नेली तर मांडव्यापासून अलिबागचे वीसेक किलोमीटर स्वतःच्या वेळेने जाता येतात. मांडव्यापर्यंत पाऊण ते एक तास. गाडीची जागा शनिवार-रविवारी लवकर भरते, आधी आरक्षण करा.

गाडी न्यायची नसेल आणि सगळे धडधाकट असतील तर गेटवेच बरं. तिथल्या बऱ्याच तिकिटांत मांडवा-अलिबाग बस धरलेली असते, वेगळी रिक्षा शोधायला लागत नाही. परतीच्या बोटीची जी वेळ धरली असेल, त्याच्या किमान सव्वा तास आधी अलिबागहून निघणारी बस पकडा. रविवारी संध्याकाळी चोंढी नाक्यावर गाड्या तुंबतात.

किल्ल्यापर्यंत ओहोटीला घोडागाडी जाते. पण दारापाशी कातळावरून चढून जावं लागतं आणि त्यावर कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी असते. रबरी चपला तिथे नकोत, मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला. ओल्या कातळावर हिरवा भाग टाळा, करड्यावर पाय टाका.

---

रेल्वेरूळ

गाडीच्या दारापैकी एक दार इथे नोंदवून ठेवतो: रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा कमी. मध्य आणि हार्बरवर साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी साडेतीन-चार, पश्चिमेला जवळपास त्याच वेळात. जाताना कुणाला त्रास होत नाही, कारण सगळे सहा-सातला निघालेले असतात. दुपारी तीनला परत फिरणारे सापडतात. ब्लॉक संपल्यावरही तासभर गाड्या उशिरानेच धावतात आणि खचाखच असतात. त्यामुळे रविवारी एकतर दहाच्या आत परतीला लागा (शिवडी, बोरिवली अशा जवळच्या जागांना जमतं) किंवा पाचनंतर.

कर्जत आणि कसाऱ्याच्या लोकल ठाणे-डोंबिवलीच्या गाड्यांसारख्या पाच-दहा मिनिटांनी नसतात. एक चुकली तर पाऊण-एक तास बसावं लागतं. जायची नाही, परतीच्या दोन लागोपाठच्या गाड्यांची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. डोंगरात फोनची बॅटरी रेंज शोधण्यातच संपते.

---

रोहितपक्षी

पाण्याचा हिशोब पक्ष्यांनाही लागू आहे, म्हणून रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाणाऱ्यांसाठी लिहितो.

ठाणे खाडीत रोहित साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. जास्त संख्या छोट्या रोहितची, मोठा रोहित कमी. ते चिखलात चोच उलटी घालून खातात, त्यामुळे चिखल उघडा असेल तिथे ते असतात. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी खाडीच्या मध्यापर्यंत पांगतात. किनाऱ्यावरून फक्त गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून नवी मुंबईच्या पाणथळींवर विश्रांतीला जातात. मधली वेळ तुमची: भरतीच्या आधीचे दोन-तीन तास, म्हणजे पाणी पक्ष्यांना ढकलत काठाकडे आणत असतं. किंवा भरतीनंतरचे दोन-तीन तास.

शिवडी: हार्बरच्या शिवडी स्टेशनवरून पूर्वेला उतरून जेट्टीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालत. अटल सेतूचं काम सुरू झाल्यापासून इथला नजारा पूर्वीसारखा राहिलेला नाही, तरी बरोबर वेळेला गेलात तर पक्षी दिसतात.

ऐरोली: वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. इथून बोट जाते, पण पाणी पुरेसं असेल तेव्हाच, त्यामुळे वेळा रोज बदलतात. सोमवारी बंद. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आली.

नेरूळच्या टी. एस. चाणक्य (सागरी प्रशिक्षण संस्था) आणि डीपीएस शाळेजवळच्या पाणथळी: इथे नियम उलटा, पूर्ण भरतीला जा, कारण पक्षी तेव्हा इथे आलेले असतात.

सकाळी शिवडीला सूर्य समोरून येतो, सगळे पक्षी काळे दिसतात. फोटो हवे असतील तर दुपारनंतरची भरती निवडा. दुर्बीण ८ × ४२ पुरते. चिखलात उतरू नका, मांडीपर्यंत पाय रुततो आणि ओढून काढताना बूट आत राहतो.

---

ठाणेकरीण

दुपारची भरती म्हणजे पाऊणपटाने कुठली तिथी?

---

रोहितपक्षी

चार ते पाचच्या दरम्यानची भरती हवी असेल तर पंचमी-षष्ठी. ५ × ¾ = पावणेचार. दुसरी भरती साडेबारा तासांच्या आत-बाहेर, म्हणजे दुपारी सव्वाचारच्या सुमारास. तुम्ही दोनला जेट्टीवर असायला हवं.

---

दगडाखाली

किनाऱ्यावरचे जीव बघायला कुणी जात असेल तर त्याचंही लिहिते. मुंबईतच, तिकीट न काढता होणारी सहल आहे, आणि मुलांना यासारखं दुसरं काही नाही.

जागा: हाजीअली, गिरगाव, कार्टर रोड, जुहू. खडकाळ भाग हवा, नुसती वाळू नको. इथे उधाणाची ओहोटी लागते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेपासून पुढचे दोन-तीन दिवस. तेव्हा ओहोटी सकाळी सहा-सात किंवा संध्याकाळी सहा-सातला पडते. तक्त्यात एक मीटरच्या आतली ओहोटी शोधा, अर्ध्या मीटरच्या आत असेल तर उत्तमच. खालच्या वेळेच्या एक तास आधी उतरा आणि पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे जा. खालच्या वेळेला परत वळा. मग भरतीच्या हिशोबाची भीतीच राहत नाही.

काय दिसतं: खडकावर हिरव्या-तपकिरी बटणांची चटई पसरल्यासारखी दिसते ते झोअँथिड. त्यांच्यावर पाय टाकू नका आणि बोटही लावू नका, काहींच्या अंगात विष असतं. डबक्यात समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, निवट्या, नशीब असेल तर समुद्री गोगलगाय. बोटाच्या पेराएवढी आणि जांभळ्या-पिवळ्या काठाची असते. मुलांना एकाच डबक्यापाशी दहा मिनिटं गप्प उकिडवं बसवा. पहिली तीन मिनिटं काही दिसत नाही, मग एकेक शंख चालायला लागतो.

काय सांभाळायचं: दगड उलटला तर हळूच तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. खालच्या बाजूला अंडी आणि सावलीत राहणारे जीव असतात, उन्हात ते अर्ध्या तासात मरतात. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख जिवंत असेल तर उचलायचा नाही, तो डंख मारतो. घोटाभर पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट बसलेली असेल तर ती धक्का लागण्याआधी सरकते. पाकटीचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यात जुहू-गिरगावला निळ्या फुग्यासारखे जीव (ब्लू बॉटल) वाहून येतात. वाळूत पडलेलेही डसतात. धागे चिकटले तर वाळूने चोळू नका. काठीने किंवा कार्डाच्या कडेने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. श्वास लागला किंवा अंगभर पुरळ उठलं तर लगेच रुग्णालय.

एकट्याने ओळखणं जमत नसेल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या किनारा-फेऱ्या असतात, त्यात जा.

---

कडेकपारी

समुद्र झाला, आता डोंगर. इथे दार उजेडाचं आणि पाठीवरच्या पाण्याचं.

कर्जतजवळचा कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, घेऊन उलटा हिशोब मांडतो. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचला आंबिवलीत डांबरी रस्त्याला लागलेलं असायला हवं. माथ्यावरून पेठ गाव चाळीस मिनिटं, पेठहून आंबिवली एक तास. रेंगाळण्याला वीस मिनिटं धरा. म्हणजे माथा तीनला सोडायचा. चढायला दमाने अडीच तास. माथ्यावर आणि खालच्या गुहेपाशी मिळून दीड तास, गुहेतले खांब आणि भैरोबाची गुहा घाईत बघण्यासारखी नाहीत. म्हणजे आंबिवलीतून अकरा ही शेवटची वेळ. ऊन टाळायचं असेल तर साडेआठ. कर्जत ते आंबिवली कशेळेमार्गे तासभर, दादर ते कर्जत पावणेदोन-दोन तास. दादरहून साडेपाचच्या आसपासची लोकल, हे उत्तर सगळ्यात शेवटी आलं.

या वाटेवर फसण्याची जागा चढ नाही, आंबिवलीतून परत येणं आहे. टमटम प्रवासी भरल्याशिवाय हलत नाही आणि दुपारनंतर प्रवासीच नसतात. सकाळी ज्या टमटमने गेलात त्याच्याशीच परतीची वेळ आणि पैसे ठरवून घ्या. एसटी आहे, पण मोजक्या फेऱ्या. कंडक्टरला उतरतानाच विचारा: "परतीची शेवटची कधी, आणि ती सुट्टीच्या दिवशी असते का?" शाळेच्या मुलांसाठी सोडलेली फेरी रविवारी नसते.

माथ्यावर जायला सुळक्याच्या पोटातून कोरलेला जिना आहे. पायऱ्या उंच, कडा झिजलेल्या. उतरताना तोंड पायरीकडे करून, तीन आधार कायम ठेवून उतरा.

---

खाडीकाठ

पाणी किती?

---

कडेकपारी

ऑक्टोबर आणि मार्चनंतर माणशी तीन लिटर, डिसेंबर-जानेवारीत दोन. पेठ गावात पाणी मिळतं, पण ते धरून चालू नका. अर्धं संपलं की तिथून मागे फिरायचं, माथा आला असो की नसो.

आपल्याकडची हवा दमट आहे, घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जात राहतं. नुसतं पाणी पीत राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात आणि मळमळतं. एका बाटलीत घरचं मिश्रण ठेवा: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका. सोबत काकडी आणि दोन संत्री. फरसाण आणि वेफर्स चढताना नकोत, तहान वाढते.

कुणी बडबड करता करता गप्प झाला, उत्तरं तुटक देऊ लागला, घाम यायचा थांबला, तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान-काखा-जांघा ओल्या फडक्याने गार करा आणि वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, लगेच खाली मदत पाठवा. हा उष्माघात आहे, थोडं बसल्यावर जात नाही.

---

पनवेल_फाटा

पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याबद्दल दोन ओळी, कारण फोटो बघून पहिलाच ट्रेक म्हणून लोक तिथे जातात. ठाकूरवाडी ते प्रबळमाची दीड तास, तिथून सुळका तासभर. कोरीव पायऱ्यांना कठडा नाही, एका वेळी एकच माणूस नीट जातो. सुट्टीच्या दिवशी दहानंतर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि लोक कड्याच्या बाजूने एकमेकांना ओलांडतात. अपघाताची जागा तीच. साडेआठच्या आत वर असाल असा हिशोब जमत नसेल तर त्या दिवशी प्रबळमाचीपर्यंतच जा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा नकोच. माचीच्या वर पाणी नाही.

नवशिक्यांना त्यापेक्षा कर्नाळा द्या. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला बारा किलोमीटर, एसटी दारात थांबते, दीड-दोन तासांची सावलीची चढण. वरच्या सुळक्याला आग्या मधमाश्यांची पोळी असतात, अत्तर-डिओ लावून जाऊ नका, धूर नको, आरडाओरडा नको. प्लॅस्टिकच्या बाटल्या दारात मोजून घेतात आणि अनामत ठेवावी लागते, सुटे पैसे ठेवा.

---

कोपरखैरणे_१७

आणि पावसाळ्यात? जुलैत ऑफिसचा पंचवीस जणांचा गट आहे, सगळ्यांना धबधबाच हवाय.

---

कडेकपारी

पंचवीस जण आणि धबधबा, हे एकत्र टाळा, असं मनापासून सांगतो.

कारण असं. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतो, पण वरच्या पठारावर पडत असतो. पठार कातळाचं, पाणी जिरत नाही. सगळं एका नाळेत येतं. पाणी वाढायच्या आधी खुणा दिसतात: पाणी अचानक गढूळ होतं, पानं-काटक्या वाहून येतात, आवाज जड होतो. यातली एकही दिसली की सामान न उचलता दोन्हींपैकी जवळच्या काठाला, आणि काठावरून वर. मधल्या खडकावर थांबून बघायचं नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एक कुटुंब असंच मधल्या खडकावर अडकून वाहून गेलं. पंचवीस जणांत ही हाक सगळ्यांपर्यंत पोचत नाही, तेवढ्या वेळात पाणी आलेलं असतं.

ओढा ओलांडायचा असेल तर गुडघ्याच्या वर पाणी असताना ओलांडायचा नाही. जाताना घोट्याएवढं असलेलं परतताना कमरेएवढं असू शकतं. पलीकडे गेल्यावर जोराचा पाऊस लागला तर लगेच परत या.

शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी बऱ्याच धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढतात. आदल्या दिवशी स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करून विचारा.

---

सुकती

जुलैत गट न्यायचाच असेल तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी. मुख्य दारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, आतून बस आहे, भाड्याने सायकलीही मिळतात. शंभराहून अधिक लेणी, पावसात कातळातल्या पन्हळींमधून पाण्याच्या टाक्या कशा भरतात ते डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी पावसाळाच हवा. क्रमांक ३ चं चैत्यगृह आधी बघा, गर्दी व्हायच्या आत. सोमवारी बंद. माकडांसमोर पिशवी उघडायची नाही. जेवण बसस्थानकाजवळ आटपून वर चढा.

घारापुरीही सोमवारी बंद, हे जाता जाता. गेटवेहून तासभर, वर शंभरावर पायऱ्या, न चढणाऱ्यांना डोली मिळते. परतीची शेवटची बोट साडेपाचच्या सुमारास, पण ती धरायची नाही, तिच्या आधीची धरा. बोटीत जीवरक्षक जाकीट हातात न ठेवता अंगात घालून, पट्टे आवळून बसा.

---

कोपरखैरणे_१७

कान्हेरी ठरलं. आणखी एक: आम्ही नवी मुंबईचे, अलिबागला जायला आधी गेटवेपर्यंत उलटं जावं लागतं. दुसरा मार्ग?

---

रेल्वेरूळ

आहे की. नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल. जानेवारी २०२४ पासून ती उरणपर्यंत जाते. उरण स्टेशनवरून रिक्षाने करंजा जेट्टी, तिथून लाँचने खाडी ओलांडून रेवस, पंधरा-वीस मिनिटं. रेवसहून अलिबाग एसटी किंवा रिक्षा. पूर्ण रस्त्याने जाण्यापेक्षा शांत आणि स्वस्त पडतं.

---

खाडीकाठ

यात पाण्याचं दार पुन्हा येतं. रेवस आणि उरणजवळचं मोरा बंदर, दोन्हीकडे गाळ साठतो. उधाणाच्या ओहोटीला मोऱ्याच्या लाँच बंद ठेवतात, रेवसलाही बोट लागायला अडचण होते. कुलाब्याला चालत जायला तुम्ही ओहोटीच निवडणार, म्हणून जाता-येताच्या लाँच तिच्यापासून दोन तास तरी लांब ठेवा.

पंचमीचा दिवस धरून: पहाटे पावणेचारला भरती, दहाच्या सुमारास ओहोटी. करंजाहून साडेसातच्या आत निघा, तेव्हा पाणी पुरेसं असतं. पण त्यासाठी नेरूळहून निघणारी पहिलीच उरण लोकल पकडायला हवी, आणि तिला जोडून लाँच आहे का ते आदल्या दिवशी जेट्टीवर विचारायला हवं. रेवसहून अलिबागला नऊ-सव्वानऊ. साडेनऊला वाळूत, दहाला दारात, साडेदहाला दारातून बाहेर, अकराच्या आत किनाऱ्याला. जेवण करून दोनला अलिबाग सोडा, तीन-साडेतीनला रेवसला याल तेव्हा पाणी भरत आलेलं असेल आणि लाँच धक्क्याला सरळ लागेल.

---

ठाणेकरीण

आम्ही रो-रोने, पंचमीला. साडेदहाला दारातून बाहेर, लिहून घेतलं. सर्जेकोट त्या अर्ध्या तासात बसतो का?

---

सुकती

ज्येष्ठ सोबत आहेत, त्यामुळे नाही. देऊळ, विहीर आणि पश्चिमेचा तट एवढंच ठेवा. सर्जेकोट बाहेरून, परतताना डावीकडे वळून दिसतोच.